रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

शुश्रूषा केंद्र बघायला आलेले नातेवाईक कुठे कुठे नजर टाकतात, हे तिथल्या मॅनेजरला तोंडपाठ असतं. दारातलं तुळशीवृंदावन, स्वागतकक्षातला गणपती, फळ्यावर खडूने लिहिलेला आठवड्याचा मेन्यू, टीव्हीसमोर रांगेने बसवलेले आजी-आजोबा, चकचकीत फरशी. फेरी त्याच क्रमाने होते आणि पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. मग चहा येतो, मग डिपॉझिटचा आकडा.

सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंना ओळखीतली माणसं अशा वेळी सोबत घेऊन जातात. त्यांची पद्धत वेगळी. "बागबिग मी बघत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत जास्त दिवस जो अंथरुणावर आहे, त्याच्याकडे न्या म्हणते. आधी त्यालाच विचारते, आजोबा, बघू का? मग कुशीवर वळवते आणि पाठ बघते. माकडहाड, खुबे, टाचा. पुढे काही विचारायला लागत नाही." आणि केंद्राने बघूच दिलं नाही तर? "मग उत्तर मिळालंच की!"

परक्या माणसाची पाठ अशी उघडून बघणं सगळ्यांना जमणार नाही, आणि प्रत्येक नातेवाईक असं करू लागला तर त्या अंथरुणावरच्या माणसाची अब्रू ती काय राहिली? पण बाईंचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. पुण्याच्या धायरी-सिंहगड रस्त्यापासून बदलापूर-कर्जतपर्यंत बंगल्यांमध्ये, बंद पडलेल्या मंगल कार्यालयांमध्ये, सोसायटीच्या दोन मजल्यांवर अशी केंद्रं चालतात. पाटीवर कुठे वृद्धाश्रम असतं, कुठे शुश्रूषा केंद्र, कुठे केअर सेंटर. महिन्याचं बिल कुठे २५ हजारांच्या आसपास, कुठे त्याच्या दुप्पट. डायपर, औषधं आणि एअर बेडचं भाडं बहुतेक ठिकाणी वेगळं. एवढे पैसे मोजणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आईची काळजी नीट घेतली जाते की नाही, हे कळायचा मार्ग कोणता? हॉटेल निवडताना लोक चांदण्या बघतात, शाळा निवडताना निकाल. इथे तसं काही नाही.

म्हणून पाठ. माणूस एकाच स्थितीत पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबतं, तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांत पेशी मरायला लागतात. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलत असतो. पक्षाघात झालेल्याला किंवा स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्याला ते जमत नाही. त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलून द्यावी लागते, ढोबळ नियम दर दोन तासांनी. नाही दिली, तर आधी चट्टा उमटतो. पुस्तकात तो लाल असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही, जांभळट दिसतो किंवा हाताला नुसता गरम आणि टणक लागतो. मग फोड, मग खड्डा, आणि चौथ्या पायरीवर हाड उघडं. पहिली पायरी एका रात्रीत गाठता येते. चौथ्या पायरीवरची जखम भरायला महिनेच्या महिने लागतात, आणि पुष्कळदा त्याआधीच संसर्ग रक्तात उतरतो. बेडसोअर नावाची ही जखम त्या अर्थाने केंद्राची हजेरी आहे. या अंथरुणाशी कितीतरी तास कुणी फिरकलं नव्हतं, हे ती जखम सांगते.

केंद्रांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. देह शेवटच्या आठवड्यांत हार मानतो, तेव्हा उत्तम शुश्रूषेतही कातडी फाटते. शिवाय कितीतरी रुग्ण रुग्णालयातल्या आयसीयूमधूनच जखम घेऊन येतात. केंद्र चालवणाऱ्या एका डॉक्टरांनी नियमच केला आहे: दाखल होण्याच्या दिवशी नातेवाइकांसमोर अंग तपासायचं, जखमेचा फोटो काढायचा, फायलीत लावायचा, खाली नातेवाइकांची सही घ्यायची. "नाहीतर सहा महिन्यांनी सगळं आमच्या माथी," ते म्हणाले. त्यांना हे स्वतःच्या बचावासाठी वाटतं. मला मात्र ती चांगल्या केंद्राची खूण वाटते, कारण पहिल्या दिवशीची नोंद असली तरच नव्वदाव्या दिवशी फरक सांगता येतो.

आणि एअर बेडवर विसंबू नका. "एअर बेड लावलाय ना" हे उत्तर इतकं पटकन येतं, की ते कूस बदलण्याऐवजी दिलं जातंय हे लक्षातच येत नाही. नळी दुमडलेली, मोटर बंद, गादी सपाट, हे चित्र कुठेही दिसतं. मोटर चालू असली तरी कूस बदलावीच लागते. धोका कुणाला किती, हे ओळखण्यासाठी १९८७ साली अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी एक पट्टी तयार केली. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण द्यायचे; बेरीज ६ ते २३ च्या मध्ये येते; १८ किंवा कमी आली तर हा माणूस जखमेच्या वाटेवर आहे असं समजायचं. एका पानाचा तक्ता, खर्च शून्य. जगभरच्या परिचारिका तो शिकतात. केंद्रात जाऊन "आईचा ब्रेडन स्कोअर किती?" एवढंच विचारून बघा. सिस्टरने फाइल उघडली तर निम्मं काम झालं.

आता रात्रीचा हिशेब करू. एका मजल्यावर पूर्ण अंथरुणावरचे १० जण आहेत असं धरा. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून, कोरडं करून दुसरा लावायचा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, टाचा गादीवरून उचलून घ्यायच्या. दोघींनी मिळून केलं तरी १० मिनिटं जातात. १० जणांची १०० मिनिटं. दोन तासांची फेरी १२० मिनिटांची. म्हणजे दोघी जणी रात्रभर न टेकता फिरत राहिल्या तरच वेळापत्रक जेमतेम पाळलं जातं. उरलेल्या २० मिनिटांत कुणाला पाणी हवं असतं, कुणी उठून दाराकडे निघालेलं असतं, कुणाला धाप लागलेली असते. आणि मजल्यावर एकटीच मावशी असेल तर? मग रात्री नऊला एकावर एक दोन डायपर चढवले जातात आणि पहाटे उघडले जातात. मग पहाटे चारला आंघोळी सुरू होतात, कारण दिवसपाळी येण्याआधी रात्रपाळीने त्या उरकायच्या असतात. डिसेंबरच्या थंडीत पहाटे चारला आंघोळ घातलेले आजोबा सकाळी दहाच्या फेरीत स्वच्छ, भांग पाडलेले आणि डुलक्या घेताना दिसतात. पाहुणे म्हणतात, किती छान ठेवलंय!

म्हणून बाकी काही विचारू नका, पण हे विचारा: रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं जागी असतात, आणि त्यांच्या वाट्याला किती जण? मॅनेजर म्हणेल, २४ तास स्टाफ असतो. ते खरंच असतं. पण तो स्टाफ दिवसभर राबून मजल्यावरच्याच खाटेवर झोपलेला असतो, आणि हाक मारली तर उठतो. ज्याला हाक मारता येते त्याच्यासाठी हे ठीक आहे.

या मावश्या कोण, हा या लेखाचा खरा विषय व्हायला हवा होता. बहुतेक जणी मराठवाड्यातून, विदर्भातून, नंदुरबार-पालघरकडून आलेल्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाची मुलं गावी आजीकडे. काही थेट नोकरीला, बऱ्याच जणी ब्यूरोमार्फत, आणि ब्यूरो पगारातला आपला वाटा आधी कापतो. ड्यूटी बारा तासांची. कुणी आली नाही की डबल. जीडीए नावाचा सहायकाचा अभ्यासक्रम आहे, परिचारिकेचा दोन वर्षांचा एएनएम आहे, पण केंद्रातल्या अनेक जणींचं शिक्षण म्हणजे आधीच्या मावशीच्या मागे आठवडाभर फिरणं. माणूस कसा उचलायचा हे कुणी शिकवलेलं नसल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कमरा चाळिशीत गेलेल्या असतात. एक जण म्हणाली, "आजींना आम्ही कूस देतो, पण आम्हाला पाठ टेकायला कुठाय?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

तेव्हा केंद्राच्या मालकाला फरशीबद्दल न विचारता हे विचारलेलं बरं, की गेल्या वर्षभरात किती मावश्या सोडून गेल्या? ज्या केंद्रात दर दोन महिन्यांनी चेहरे बदलतात, तिथे आजींना डाव्या कुशीवर दुखतं, चहात साखर चालत नाही, रात्री दिवा बंद केला की त्या घाबरतात, हे प्रत्येक वेळी नव्याने शिकलं जातं आणि पुन्हा विसरलं जातं. जिथे एकच मावशी चार वर्षं टिकली आहे, तिथे फायलीत नसलेलं सगळं तिच्या डोक्यात असतं.

दर्जा मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फार उशिरा स्वतःला विचारला. बैरुतमध्ये जन्मलेले आर्मेनियन वंशाचे डॉक्टर अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली अमेरिकेत एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात तीन खण पाडले. तुमच्याकडे काय आहे: इमारत, माणसं, साधनं. तुम्ही काय करता: कूस बदलता का, औषध वेळेवर देता का. आणि त्यातून काय झालं: जखम भरली की वाढली, माणूस चालू लागला की पडला. साठ वर्षं होत आली, आजही जगातली बहुतेक मोजमापं याच तीन खणांत बसवली जातात. आपली केंद्रं पाहुण्यांना पहिला खण दाखवतात. दुसरा सांगतात. तिसऱ्याविषयी कुणी विचारत नाही.

अमेरिकेने तिसरा खण उघडून बघितला, आणि ती हकिगत मोठी बोधप्रद आहे. तिथल्या नर्सिंग होम्सची, म्हणजे अशाच शुश्रूषा केंद्रांची, अवस्था इतकी वाईट होती, की १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सविस्तर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाचं ठरलेल्या नमुन्यात मूल्यमापन, अचानक तपासणी, आणि सोयीसाठी बांधून न ठेवलं जाण्याचा हक्क. बांधून ठेवलेल्या वृद्धांचं प्रमाण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथे अगदी नगण्य झालं. कायद्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २००८ पासून सरकारने प्रत्येक होमला एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. तपासणीचे गुण, माणसांची संख्या आणि जखमा, पडणं, वजन यांसारखे निर्देशांक, अशा तिन्हींवरून.

आणि मग लबाडी सुरू झाली. तपासणी सोडली तर बाकीची माहिती होम्स स्वतःच भरून देत होती. २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे उघड केलं, तेव्हा तारे भरपूर आणि कारभार भिकार अशी होम्स निघाली. २०१६ पासून माणसांची संख्या पगारपत्रकावरून मोजायला सुरुवात झाली. पडण्याचं काय? २०२० च्या एका अभ्यासात संशोधकांनी रुग्णालयांची बिलं आणि होम्सच्या नोंदी शेजारी ठेवल्या. गंभीर इजा होऊन रुग्णालयात न्याव्या लागलेल्या पडण्यांपैकी ५७.५ टक्केच होम्सनी नोंदवल्या होत्या. याहून भारी प्रकार झोपेच्या गोळ्यांच्या थोरल्या भावंडांचा. मनोविकारावरची औषधं देऊन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना गप्प ठेवलं जातं म्हणून त्या औषधांचं प्रमाण ताऱ्यांत धरलं गेलं. पण स्किझोफ्रेनिया असलेले रुग्ण त्यातून वगळले होते. मग काय, २०२१ मध्ये त्याच वृत्तपत्राने मोजलं, तेव्हा नर्सिंग होम्समध्ये दर नवांत एकाच्या फायलीवर स्किझोफ्रेनिया लिहिलेला होता. सर्वसामान्य लोकांत तो दीडशेंत एकाला असतो, आणि ऐंशीव्या वर्षी नव्याने तर सहसा होत नाही.

मनुष्यबळाचं घोडं मात्र तिथेही अडलं. प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तास शुश्रूषा मिळालीच पाहिजे असा नियम २०२४ मध्ये झाला. होम्सच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो रद्द केला. तरी तो आकडा हाताशी ठेवावा. २० रहिवाशांच्या केंद्राला त्या हिशेबाने दिवसाचे जवळपास ७० तास लागतात, म्हणजे बारा तासांच्या सहा ड्यूट्या, स्वयंपाक आणि झाडलोट सोडून. आपल्या पाहण्यातल्या केंद्रात किती भरतात, ते मोजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल, एवढी लबाडीच होणार असेल तर मोजायचं कशाला? मला उलट वाटतं. तिथे खोटी नोंद करावी लागते, कारण नोंद मागितली जाते. आपल्याकडे खोटं बोलायचीही गरज नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे एक कोटी अकरा लाखांच्या घरात होते. त्यातले किती जण केंद्रांमध्ये आहेत, किती केंद्रं आहेत, तिथे किती पडले, किती जखमांनी गेले, हे कुठल्याही सरकारी फळ्यावर लिहिलेलं नाही. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला, महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्याने उभारावा असं म्हटलं आहे. इंग्रजी मसुद्यातलं क्रियापद सक्तीचं नसून मुभेचं आहे, आणि सरकारांनी ती मुभा मनमुराद वापरली. त्याआधी १९९५ मध्ये युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली होती. डिसेंबर २०१८ मध्ये माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावं लागलं, की प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आहेत ते तरी राज्यांकडून गोळा करा. दर्जा राहिला बाजूला, मोजणीपासूनच सुरुवात होती.

एका वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. खासगी केंद्रांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान मानकं, घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी, असं बरंच काही त्यात होतं. ते मंजूर झालं नाही, आणि सतराव्या लोकसभेबरोबर बारगळलं. आपल्या राज्यात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, पण तो मुख्यतः छोटी रुग्णालयं आणि प्रसूतिगृहं डोळ्यांसमोर ठेवून राबवला जातो. शुश्रूषा केंद्र म्हणतं आम्ही रुग्णालय नाही, आम्ही निवास आहोत. नाकात नळी, लघवीला कॅथेटर, गळ्याला छिद्र असलेला माणूस तिथे 'निवासी' म्हणून राहत असतो. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले, त्यात दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर हवी हेसुद्धा आहे. चांगलं आहे, चाकाची खुर्ची अडकायची नाही. म्हातारपणी घर विकत घेतलं तर दार किती रुंद हवं हे नियमात सापडतं. त्या दारातून रात्री आत यायला माणूस किती जणांमागे एक हवा, हे सापडत नाही.

तोवर आपलं आपण बघायचं. काही गोष्टी डॉक्टर नसलेल्यालाही कळतात, आणि त्यातली सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे तोंड. जपानमधल्या ११ नर्सिंग होम्समध्ये दोन वर्षं एक साधा प्रयोग झाला: एका गटाला प्रत्येक जेवणानंतर परिचारिकांनी दात घासून दिले, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दात घासलेल्यांत ११ टक्के. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात, म्हणून. इतकं स्वस्त औषध दुसरं नसेल. तेव्हा भेटायला गेलात की आईला आ करायला सांगा. जिभेवर जाड पांढरा थर, गालात सकाळचा पोहा, कवळी कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, असं असेल तर बाकीची तपासणी थांबवली तरी चालेल. एका ठिकाणी साऱ्यांच्या कवळ्या एकाच डब्यात भिजत घातलेल्या होत्या आणि सकाळी "ही बसते का बघा" असं चाललं होतं. दुसऱ्या एका साध्याच केंद्रात प्रत्येक वाटीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहिलं होतं. बिल पहिल्या ठिकाणचं जास्त होतं.

वजनाचं तसंच. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं तर ते गंभीर धरतात. ५० किलोच्या आजींचं महिन्यात अडीच किलो. "वय झालंय, कमीच खातात" हे उत्तर ऐकायला मिळतं. बऱ्याचदा खातात कमी याचं कारण भरवणाऱ्या हाताला घाई असते. जिला चार जणांना भरवायचं आहे ती पेज घटाघटा पाजते, ठसका लागतो, मग "गिळता येत नाही" असं ठरतं आणि नाकात नळी येते. नळीतून दोनशे मिली पाच मिनिटांत जातं. काही जणांना ती खरोखर लागते. पण ज्या केंद्रात नळ्याच नळ्या दिसतात, तिथे जेवणाच्या वेळी किती हात असतात ते मोजावं.

नळी आली की हात बांधणं येतं, कारण स्मृतिभ्रंश झालेला माणूस ती ओढून काढतो. मऊ पंचा, खाटेचा गज. "त्यांच्याच भल्यासाठी" हे वाक्य मी सगळीकडे ऐकलं, आणि म्हणणाऱ्या बायका क्रूर नव्हत्या. हात न बांधता आजोबांच्या हाती गुंडाळलेला टॉवेल देऊन, शेजारी कुणीतरी बसूनही ते निभावतं. पण कुणीतरी बसायला हवं. गोळ्यांची गोष्टही तीच. दुपारी चारला गेलं तरी आई झोपलेली, जागी केली तर जीभ जड, तर औषधाच्या चिठ्ठीवर क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल असं काही आहे का ते बघा आणि कुणी, कधी, किती दिवसांसाठी लिहिलं ते विचारा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये अशी औषधं मृत्यूचा धोका दीड पटीहून अधिक वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासूनच दिला आहे. कधी कधी ती द्यावी लागतात, हेही खरं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासली का, एवढा प्रश्न मात्र हक्काचा आहे.

पडण्याची वही मागून बघा. "आमच्याकडे कुणी पडत नाही" म्हणणाऱ्या केंद्रापेक्षा "गेल्या महिन्यात तीन जण पडले, त्यातले दोघं संडासला जाताना, म्हणून तिथे रात्रीचा दिवा लावला" म्हणणारं केंद्र कितीतरी पटींनी बरं.

वासाबद्दल सगळे बोलतात. लघवीचा वास वाईटच. पण सकाळी अकराला नाक झोंबेल इतका फिनेलचा वास येत असेल, तर तो कशावर टाकलाय याचाही विचार करावा.

परदेशातल्या मुलांनी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली आहे. न्यू जर्सीत सकाळी कॉफी पिताना इथली संध्याकाळ मोबाइलवर दिसते, आई खाटेवर आहे, पांघरूण नीट आहे. समाधान होतं. कॅमेरा छताजवळ असतो. त्याला पाठ दिसत नाही, तोंडाचा वास येत नाही. त्यातून मावशीने मारलं तर कळेल, आणि तेवढ्यापुरता तो असावाही. पण मारहाण क्वचित घडते. रोज घडतं ते न फिरकणं, आणि ते पडद्यावर शांततेसारखंच दिसतं.

इथवर सगळं देहाचं झालं; माणूस म्हणून जगण्याचं काय? अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक २०१४ मध्ये आलं तेव्हा आपल्याकडे त्यातल्या त्यांच्या आजोबांचं फार कौतुक झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे सीताराम गावंडे, जे ११० वर्षांच्या आसपास जगले, शेवटपर्यंत घराचे कर्ते राहिले. आपली कुटुंबव्यवस्था कशी थोर, हे सांगायला तो दाखला वापरला जातो. अशा घरांतली सेवा सुनांच्या आणि लेकींच्या अंगावर असते आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे त्या वेळी कुणी म्हणत नाही. त्याच पुस्तकात बिल थॉमस नावाच्या डॉक्टरची गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये त्याने १९९० च्या सुमारास दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पोपट आणून सोडले. औषधांचा वापर शेजारच्या होमच्या निम्म्यावर आला, मृत्यूही घटले. पोपट आणायलाच हवेत असं नाही. सकाळी सहाला उठायचं की आठला, आंघोळ आज की उद्या, टीव्हीवर कीर्तन की क्रिकेट, खोलीचं दार लावायचं की उघडं, यांतलं काय काय तिथला माणूस स्वतः ठरवू शकतो, एवढं बघावं. बहुतेक केंद्रांत उत्तर शून्याच्या आसपास येतं, अगदी महागड्यांतही. शिक्षिका म्हणून सारं आयुष्य काढलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "सगळे मला 'ए आजी' म्हणतात. मी चाळीस वर्षं बाई होते."

केंद्रचालकांची बाजू ऐकली की आणखी एक चित्र दिसतं. पहिल्या महिन्यात मुलांचा रोज फोन, दुसऱ्यात आठवड्याला, सहा महिन्यांनी फक्त बिल भरल्याचा मेसेज. काही तर आई-वडिलांना सोडून जातात आणि फोन नंबर बदलतात. २००७ च्या कायद्यात याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण तक्रार करायची कुणी? एका संचालिकेने रोखठोक सांगितलं: "ज्यांच्याकडे कुणी येत नाही ते आमच्या मुलींना कळतं. ठरवून नाही, पण घाईत कुणाला आधी बघायचं हे ठरतंच." मला सगळ्या भटकंतीत मिळालेली सर्वांत प्रामाणिक माहिती हीच. शुश्रूषेच्या दर्जाचं एक मोजमाप केंद्राच्या बाहेर, आपल्या घरी असतं.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेने राज्याचा विषय आहे. दिल्लीचं विधेयक पुन्हा येईपर्यंत महाराष्ट्राने हात बांधून बसायचं कारण नाही. सक्तीची नोंदणी, रात्रपाळीत किमान किती माणसं याचा आकडा, जखम, पडणं आणि वजन यांची ठरावीक नोंद, न कळवता तपासणी आणि तिचा निकाल दारावर लावणं, एवढ्या पाच गोष्टींना फार मोठा खर्च नाही. आपल्या आमदाराला याबद्दल पत्र लिहायला ज्येष्ठ नागरिक संघांइतकी योग्य जागा नाही. गावोगावी संघ आहेत, सभासद मतदानाला न चुकता जातात. आत्ता त्रासात असलेल्यांसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा राष्ट्रीय मदत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

आणि तुम्ही. दिवाळीत फराळाचे डबे घेऊन सगळेच जातात. त्या चार दिवसांत केंद्रांमध्ये चिवड्याचे ढीग लागतात आणि मधुमेही आजोबांची साखर चढते. तेव्हा जरूर जा. पण जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारीही जा, न कळवता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. स्वतःच्या हाताने भरवा, मावशीचं नाव विचारा, आणि निघताना आपल्या आईच्या शेजारच्या खाटेवर ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांचीही चौकशी करा.